सुब्बरावांनी न केलेले तीनशे बारा फोन

चप्पराच्या दिवशी सकाळी साडेसातला दामोदरराव हातात वही घेऊन दारात उभे राहिले, तेव्हाच सुब्बरावांना संशय यायला हवा होता. मांडवाला म्हैसुरात सगळेच चप्पर म्हणतात, आणि त्यासाठी आणलेल्या नारळाच्या झावळ्या अजून गड्यांच्या खांद्यावरच होत्या. इतक्या लवकर येणारा पाहुणा एक तर फार जवळचा असतो किंवा फार रिकामा. दामोदरराव दोन्ही होते. ते सुब्बरावांचे मामेभाऊ होते आणि बँकेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती.

"अकरा झालीत," वही हलवत ते म्हणाले.

"काय अकरा?"

"मंगलाष्टकं! तूच म्हणालास ना फोनवर, 'दामू, जेवढी सुचतील तेवढी लिही, सगळी म्हणायची.' रात्रंदिवस बसलोय बघ. शेवटच्यात तुझंही नाव घातलंय."

दामूला माइकपासून लांब ठेवणं हे सुब्बरावांनी चाळीस वर्षं व्रतासारखं पाळलं होतं. घरातल्या प्रत्येक लग्नात अक्षता पडायच्या वेळी ते दामूला काही ना काही आणायला बाहेर पाठवत. आणि आता त्यांनीच त्याला अकरा मंगलाष्टकं म्हणायला सांगितलं होतं म्हणे.

ते काही बोलणार एवढ्यात नंजनगूडची आत्तेबहीण रिक्षातून उतरली. उतरताच तिने पदर डोळ्यांना लावला. "सुब्बा, जन्मात पहिल्यांदा तू माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीस रे. सगळं कसं शांतपणे ऐकून घेतलंस! आणि वांगं चालत नाही म्हटल्यावर लगेच म्हणालास, 'तर मग वांगं करणारच नाही.'"

मागच्या अंगणात आचारी तीस किलो वांगी चिरायला बसला होता.

सुब्बराव काठी टेकत थेट आत गेले. आषाढात गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तरी रागात ते काठीच्या पुढे चालत. मधल्या खोलीत त्यांची नात हर्षिता मेंदीचे दोन्ही हात हवेत धरून बसली होती आणि तिची आई, म्हणजे सुब्बरावांची सून भाग्या, तिला इडली भरवत होती. उद्याची नवरी म्हणून सकाळपासून तिला कोणी काही बोललं नव्हतं. आता ती सवलत संपली.

"हर्षिता, माझ्या नावाने कोण फोन करतंय?"

"अज्जा, तुम्हीच करताय. म्हणजे तुमचा आवाज करतोय. मी सांगितलेलं अल्लवा?"

सांगितलं होतं खरं. या घराची जुनी रीत अशी, की लग्नाचं कार्ड नंतर; आधी घरातल्या मोठ्या माणसाने दारोदार जाऊन अक्षत द्यायची आणि तोंडाने बोलवायचं. कापडावर छपाई करणाऱ्या रंगाऱ्यांचं हे घर. पुढे हेच हात कागदावर छापू लागले, लष्कर मोहल्ल्यात छापखाना निघाला आणि निम्म्या म्हैसूरची लग्नपत्रं तिथून गेली. पण स्वतःच्या घरचं लग्न नुसत्या कागदावर कधी सांगितलं गेलं नाही. या वेळी गुडघ्याने दगा दिला. तेव्हा बेंगळुरूत कॉम्प्युटरवर काम करणारी ही नात म्हणाली, अज्जा, अर्धा तास बोला, बाकीचं मी बघते. सुब्बराव बोलले होते. ते रेकॉर्ड करून सगळ्यांना ऐकवायचं, एवढंच त्यांना समजलं होतं.

"ऐकवायचं नव्हतं अज्जा. तो आवाज स्वतः बोलतो. समोरचा काय म्हणाला ते ऐकतो आणि उत्तर देतो. एआय आहे ना. एका दुपारी तीनशे बारा फोन झाले."

"आणि दामूला मंगलाष्टकं कुणी सांगितली?"

हर्षिताने ओठ चावला. "मी त्याला फक्त एवढंच लिहून दिलेलं, की मोठ्यांशी रिस्पेक्टने बोल, पूर्ण ऐकून घे, आणि पाहुण्यांना नाही म्हणू नको. अष्टे."

"नाही म्हणू नको!" सुब्बराव खुर्चीत बसले. "अगं, माझी सगळी अक्कल त्या नाही म्हणण्यातच आहे."

स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या पत्नी लक्ष्मीदेवी हे ऐकत होत्या. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी हसू दाबायची कला चांगली कमावली होती, पण आज ती कमी पडली. "सगळे म्हणताहेत, सुब्बराव फोनवर किती गोड बोलतात. अगं हर्षिता, मलाही एकदा लावून दे तो फोन. मीही ऐकते."

भाग्या इडलीच्या ताटात तोंड लपवून हसली. सुब्बरावांना मनातून वाईट वाटलं, ते वेगळंच. सकाळपासून जो येत होता तो त्यांच्यापेक्षा त्यांच्या आवाजावर जास्त खूश होता. आपल्याच घरात आपल्याच नावाचा एक बरा माणूस येऊन राहिलाय आणि सगळ्यांना तोच आवडलाय, असं त्यांना वाटू लागलं.

"नंबर कुठून घेतलेस एवढे?"

"प्रेसच्या वहीतले. आणि थोडे अज्जीने दिले."

लक्ष्मीदेवी एकदम आत वळल्या. सुब्बराव "थोडे म्हणजे कुणाचे?" असं विचारणार, इतक्यात बाहेर झावळ्या बांधणाऱ्यांचा आवाज थांबला. अंगणातली पाहुणेमंडळीही गप्प झाली. चप्पराच्या दिवशी अंगण गप्प होणं चांगलं नव्हे, म्हणून ते उठून बाहेर आले.

फाटकाशी कृष्णराजनगरची जीप उभी होती. तिच्यातून आधी तांदळाचं पोतं उतरलं, मग जयलक्ष्मीवहिनी उतरल्या आणि मग पांढरं धोतर सावरत नागोजीराव उतरले.

नागोजीराव म्हणजे सुब्बरावांचे सख्खे थोरले भाऊ. पंचवीस वर्षांत या फाटकातून आत आले नव्हते. कारण सगळ्या नात्याला पाठ होतं. सुब्बरावांचा मुलगा मनोहर आणि ही भाग्या यांच्या लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रकांत थोरल्या भावाचं नाव नव्हतं. ज्या छापखान्यात नागोजीरावांनी वीस वर्षं शाई लावली, त्याच छापखान्यातून घरच्या लग्नाची सातशे कार्डं त्यांच्या नावावाचून निघाली आणि वाटलीही गेली. कंपोझिटर शेषगिरीकडून अक्षरांचे खिळे जुळवताना एक ओळ राहिली, असं सुब्बरावांनी तेव्हा सांगितलं. चुकलं, असं मात्र सांगितलं नाही. नागोजीरावांनी वाट पाहिली, लग्नाला आले नाहीत, आणि मग वाट पाहायचंही सोडून दिलं.

"बोलावलंस म्हणून आलो," नागोजीराव म्हणाले. आवाज म्हातारा झाला होता, पण मान तीच ताठ. "फोनवर माफी मागितलीस. बरं वाटलं."

सुब्बराव "या" एवढंच कसंबसं म्हणाले आणि वहिनींना वाकून नमस्कार करण्याच्या निमित्ताने त्यांनी तोंड खाली घातलं. गुडघ्यामुळे नीट वाकताही येईना. वहिनींनीच त्यांना दंडाला धरून उभं केलं.

पाहुण्यांना चप्पराखालच्या खुर्च्यांवर बसवून ते पुन्हा मधल्या खोलीत आले. या वेळी दार लोटून घेतलं.

"माफी?"

हर्षिताचा चेहरा उतरला होता. बोटांना मेंदी, म्हणून तिने नाकाच्या शेंड्याने फोनवर कुठे कुठे दाबलं आणि भाग्याने तो सासऱ्यांपुढे धरला. प्रत्येक फोनमधलं बोलणं लिहून राहिलेलं होतं. कृष्णराजनगरचा फोन अकरा मिनिटांचा होता. त्यातली नऊ मिनिटं नागोजीराव बोलले होते, कार्डापासून ते वडिलांच्या तेराव्यापर्यंत सगळं. शेवटी सुब्बरावांच्या आवाजाने म्हटलं होतं: 'अण्णा, शेषगिरीच्या हातून ओळ राहिली, पण छापखाना माझा होता. जबाबदारी माझी. मला माफ करा.'

"शेषगिरीचं याला कुणी सांगितलं?"

"मी. घरातल्या गोष्टी विचारल्या तर उत्तर द्यायला पाहिजे ना, म्हणून मला जे जे माहीत होतं ते सगळं लिहून दिलं." हर्षिता रडकुंडीला आली. "सॉरी अज्जा. मी जाऊन थोरल्या अज्जांना सांगते, की ते तुम्ही नव्हता."

"बेडा!" लक्ष्मीदेवी दार ढकलून आत आल्या. "कुणी काही सांगायचं नाही. नंबर मी दिला. दर संक्रांतीला एळ्ळुबेल्लाचा तिळगूळ वाटून झाल्यावर मी जयलक्ष्मीअक्कांना फोन करते, तुमचं तोंड बंद म्हणून आमचं कशाला? पंचवीस वर्षांनी माणूस दारात आलाय. यंत्र बोललं का तुम्ही बोलला, कोण विचारतंय? सुम्ने गप्प बसा, आणि पुरणाचे होळगे वाढा."

"पण अत्ते, ते खोटं होईल," भाग्या हळूच म्हणाली. सासूपुढे ती सहसा बोलत नसे. पण त्या पत्रिकेतली नवरी तीच होती. लग्नाच्या दिवशी तिने मोठ्या सासऱ्यांची रिकामी खुर्ची पाहिली होती.

"लग्नात थोडं चालतं," लक्ष्मीदेवींनी निकाल दिला.

सुब्बरावांना तो निकाल मनापासून पटला. खरं सांगायचं तर फार सोयीचं झालं होतं. माफी मागून झाली होती आणि त्यांना तोंडही उघडावं लागलं नव्हतं. भाऊ आला होता. उद्या मांडवात दोघं शेजारी बसतील, फोटो निघेल. एवढं सगळं आयतं मिळालं असताना कोण शहाणा आणखी बोलेल? त्यांनी चेहरा पुसला आणि ते प्रसन्नपणे बाहेर आले.

बाहेर शेषगिरीही होता. छापखाना बंद होऊन चार वर्षं झाली तरी तो रोज यायचा. आज सकाळपासून तोरणासाठी आंब्याची पानं एका मापाची निवडत खाली बसला होता. सत्तरी झाली तरी त्याची नजर अजून खिळे जुळवणाऱ्याचीच होती, एक पान कमीजास्त खपत नसे. नागोजीराव उठून त्याच्यापाशी गेले.

"शेषगिरी, तुझ्यावरही पंचवीस वर्षं राग धरला रे. तुझ्या थोरल्या मुलीच्या लग्नाला मुद्दाम आलो नाही. एक ओळ राहिली म्हणून एवढं करायला नको होतं. जाऊ दे. तुलाही माफ केलं."

शेषगिरीने हातातलं पान खाली ठेवलं. त्याने सुब्बरावांकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, मागणंही नव्हतं. यजमान, काय सांगू, एवढंच होतं. मग तो खाली मान घालून म्हणाला, "हो अण्णा. चुकलंच माझं."

सुब्बरावांचा प्रसन्नपणा तिथेच संपला.

कारण शेषगिरीचं काही चुकलं नव्हतं. चाळीस वर्षांत त्या माणसाच्या हातून कधी साधा काना राहिला नव्हता, ओळ कुठली राहायला? त्याने 'नागोजीराव' हे नाव सगळ्यात वर, मोठ्या खिळ्यांत, नीट बसवलं होतं. दुपारी तो जेवायला गेला तेव्हा सुब्बरावांनी खिळे काढायचा चिमटा उचलला आणि ती ओळ स्वतःच्या हाताने काढून टाकली. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. हर्षिताला माहीत नव्हतं, म्हणून तिने लिहून दिलं नव्हतं; आणि म्हणून त्या गोड बोलणाऱ्या आवाजालाही ते माहीत असायचं कारण नव्हतं. त्याने माफी मागितली होती ती चुकीची. सुब्बरावांनी केली होती ती चूक नव्हतीच, ते मुद्दाम होतं.

"अण्णा," ते म्हणाले. "फोनवर बोललो तो मी नव्हतो."

लक्ष्मीदेवींनी कपाळाला हात लावला. दामोदररावांनी वही मिटली. सगळं चप्पर ऐकू लागलं.

"हर्षिताने यंत्राला माझा आवाज दिला होता. माफी त्याने मागितली. मला आत्ता कळलं."

नागोजीराव खुर्चीवर सावकाश बसले. "ठाऊक आहे," ते म्हणाले.

"ठाऊक आहे?"

"अरे, नऊ मिनिटं मी बोलत होतो आणि तू मध्ये एकदाही तोंड घातलं नाहीस! पहिल्याच मिनिटाला समजलो, हा सुब्बा नव्हे. सुब्बाने मला सबंध एक वाक्य कधी पुरं करू दिलंय? मुंजीतसुद्धा भटजींच्या आधी मंत्र म्हणत होता." चप्पराखाली हशा पिकला. नंजनगूडची आत्तेबहीण तर डोळे पुसून हसली. "मी जयलक्ष्मीला सांगितलं, कुणीतरी पोरट्यांनी काहीतरी केलंय."

"मग आलात कसे?"

नागोजीराव थोडा वेळ धोतराची निरी सारखी करत राहिले. "आवाज तुझा होता ना," ते म्हणाले. "पंचवीस वर्षांनी कानावर पडला. फोन ठेववेना. म्हणून तर नऊ मिनिटं बोललो. म्हटलं, आवाज इथवर आलाय, तर आपण जाऊन माणूस बघून येऊ."

इथे गोष्ट संपली असती तरी सगळे खूश झाले असते. लक्ष्मीदेवी कॉफीचा ट्रे घेऊन निघाल्यासुद्धा होत्या. पण सुब्बराव शेषगिरीकडे बघत होते. तो पुन्हा पानं निवडायला लागला होता, जणू आपलं नाव या सगळ्यात आलंच नव्हतं.

"अजून आहे, अण्णा," सुब्बराव म्हणाले. "ओळ शेषगिरीकडून राहिली नाही. त्याने बसवली होती. मी काढली."

कॉफीचा ट्रे होता तिथेच थांबला.

"तुम्ही प्रेस सोडून सासऱ्यांची भातशेती बघायला कृष्णराजनगरला गेलात. वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. मला एकट्याला ते ओझं उचलेना. मला वाटलं, जो माणूस घर सोडून गेला त्याचं नाव घरच्या कार्डावर कशाला? मी चिमट्याने काढली ती ओळ. आणि सांगताना याचं नाव पुढे केलं. हा एक अक्षर बोलला नाही. पगार मी देत होतो ना." ते काठी टेकत दोन पावलं पुढे आले. "मला लाज वाटते, अण्णा. तुमच्यापुढे वाटते आणि याच्यापुढे त्याहून जास्त वाटते. शेषगिरी, मला माफ कर."

शेषगिरीने मान वर केली नाही. फक्त म्हणाला, "आयतु यजमान, झालं. सुटलो." आणि उपरण्याने तोंड पुसलं.

नागोजीरावांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. ते उठून उभे राहिले आणि जयलक्ष्मीवहिनीही सवयीने पिशवी उचलून उभ्या राहिल्या. हर्षिता दारात आली होती. मेंदीचे हात तिने छातीशी धरले होते आणि मेंदी साडीला लागतेय याचं तिला भान नव्हतं. सुब्बरावांना वाटलं, गेले. या वेळी गेले ते गेलेच. बायको शहाणी होती, गप्प बसायला हवं होतं.

नागोजीराव शेषगिरीपाशी गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग वळले.

"सुब्बा, हे जर त्या फोनवर सांगितलं असतंस ना, तर मी आलोच नसतो."

"ठाऊक आहे."

"पुढची पंचवीस वर्षंही आलो नसतो."

"पुढची पंचवीस वर्षं आपण दोघं कुठली अण्णा—"

"बघ! मध्ये बोललास!" नागोजीराव ओरडले, आणि ओरडता ओरडता त्यांना हसू फुटलं. ते रागावलेले होतेच, डोळेही भरले होते, आणि हसूही आवरेना. "तुझ्यावरचा राग काही गेला नाही. तो लग्न झाल्यावर बघतो, दोन दिवस राहणार आहे. पण आता आलोच आहे. तांदूळ कुठे ठेवू?"

या घरच्या लग्नात अक्षतांचा तांदूळ थोरल्या घरून यायचा. पंचवीस वर्षं तो दुकानातून येत होता. आज कृष्णराजनगरच्या शेतातला नवा तांदूळ पोत्यातून परातीत ओतला गेला, तेव्हा त्याचा वास सगळ्या चप्पराखाली पसरला. लक्ष्मीदेवींनी हळद आणि तूप आणलं. दोघे भाऊ परातीच्या दोन बाजूंना बसले आणि शेषगिरीला नागोजीरावांनी हाताला धरून तिसऱ्या बाजूला बसवलं. तो नको नको म्हणत होता, तर म्हणाले, "ओळ तू बरोबर बसवली होतीस ना? मग तूही बस ओळीत."

"अण्णा, हळद एकदम टाकू नका," सुब्बराव म्हणाले. "आधी तूप. आणि असं चोळायचं नाही, कणी पडते. दामू, तू ती वही ठेव बघू, अकरा नाही, दोन म्हण. बरं, तीन. आचाऱ्याला सांगा, वांग्याऐवजी भोपळा घ्या म्हणावं. अण्णा, तूप, तूप—"

ते थांबेचनात. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. लक्ष्मीदेवींनी सुस्कारा सोडला, पण तो काही फार दुःखाचा नव्हता.

नागोजीरावांनी हळदीने पिवळा झालेला हात वर केला आणि दारातल्या नातीला हाक मारली.

"हर्षिता, ऐकतेस ना गं? आता लागला बघ फोन."